जलपर्णी आणि भूतदया

सज्जनहो, गळ्यात माळ पडली की मनुष्य हिंसेला भिऊ लागतो, आणि भ्यावेच. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणारी माणसे आपल्या दिंड्यांत आजही आहेत. तुळशीचे पान खुडावयाचे तर आधी तिला नमस्कार करावयाचा, आणि द्वादशीला तर तिला हातही लावावयाचा नाही, हे घरोघरी मुलांना शिकविले जाते. तुकोबारायांनी तर झाडावेलींना नातलगांच्या पंक्तीत बसविले. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला इंद्रायणीच्या काठी उभे करून कोणी म्हणाले, "बुवा, ही हिरवी रोपे मुळासकट ओढा आणि उन्हात वाळत टाका," तर त्याचा हात अडखळणारच. तो विचारील, "अहो, यांतही जीवच आहे ना? सगळ्यांच्या ठायी एकच देव म्हणावयाचे आणि त्यालाच उपटून उकिरड्यावर फेकावयाचे, हा कोठला न्याय?"

हा प्रश्न थट्टेवारी नेऊ नये. गेल्या काही वर्षांत इंद्रायणी-पवनेच्या काठी तरुण मंडळी सुटीच्या दिवशी पाण्यात उतरून जलपर्णी काढताना दिसतात. हे श्रमदान चांगलेच, असे आपण म्हणून टाकतो आणि पुढे जातो. पण चांगले ते का चांगले, याचा विचार केल्यावाचून केलेले काम फार दिवस टिकत नाही. म्हणून माळकऱ्याच्या त्या शंकेला धरूनच थोडे चालू या.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातली. तिचे जांभळे फूल मोठे देखणे. वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो. त्या फुलाच्या लोभानेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली, आणि बागेतल्या हौदातून सुटून नदीनाल्यांत पसरली. तिचे देठ फुगीर, आत हवा भरलेली, म्हणून ती बुडत नाही. एका रोपाला आडवा फुटवा येतो, फुटव्याच्या टोकाला दुसरे रोप धरते. पाणी आणि ऊन अनुकूल असेल तर पंधरवड्याच्या आत एकाची दोन होतात. बी चिखलात पंधरा-वीस वर्षे जिवंत राहते. एकदा तिने नदी झाकली की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे तळमळून मरतात, पाण्यातल्या इतर वनस्पती नाहीशा होतात, डासांना मात्र आयते घर मिळते. आणि स्नानाला आलेल्या म्हातारीला घाटाची पायरी सापडत नाही.

यावर कोणी झटकन उत्तर देईल, की एका वनस्पतीचा जीव गेला पण हजार मासे वाचले, तेव्हा हिशेब पुण्याच्या बाजूस गेला. मला हे उत्तर पटत नाही. जिवांची अशी बेरीज-वजाबाकी करू लागलो तर सोयीचे आकडे मांडून मनुष्य काहीही पदरात पाडून घेईल. शिवाय जलपर्णीने काय अपराध केला? ती आपल्या स्वभावाप्रमाणे वाढली. तिच्या मूळ देशात तिला खाणारे किडे आहेत, तेथे ती आपल्या जागी राहते. (त्यांतले काही किडे १९८० च्या दशकात आपल्याकडेही आणून सोडले, त्यांनी काही ठिकाणी काम केले, सगळीकडे नाही.) इकडे तिला आणणारा मनुष्य, आणि खाऊपिऊ घालणाराही मनुष्यच.

सावता महाराजांचा मळा आठवा. अरणच्या त्या मळ्यात विठोबा भेटला असे आपण मानतो, पण मळा म्हटला की खुरपणी आलीच. सावता महाराज खुरपे हातात घेऊन बसत तेव्हा तणाचा द्वेष करीत असतील काय? ज्या वाफ्यात आपण बी टाकले, पाणी सोडले, खत घातले, त्या वाफ्याची जबाबदारी आपली, म्हणून खुरपायचे. रानातले गवत कोणी खुरपीत नाही. तेथे पेरणारा निराळा. प्रश्न एवढाच की नदी ही रान आहे की मळा? पूर्वी ती रान होती. आता आपण तिच्यात परदेशचे रोप सोडले आणि वर खतही घालतो. मग खुरपे दुसऱ्या कोणी घ्यावे?

खत घालतो, हे उगीच म्हणत नाही. जलपर्णीला नत्र आणि स्फुरद हवे असते आणि शहरांच्या सांडपाण्यात ते भरपूर असते. शौचकूपाचे पाणी, साबणाचे पाणी, शेतातून वाहून आलेले रासायनिक खत, कारखान्यांचे पाणी, हे सगळे नदीला जाऊन मिळते. आळंदीला अलीकडच्या वर्षांत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना पुष्कळांनी पाहिला आहे. यात्रेच्या दिवसांत आपणही घाटावर कपडे धुतो, भांडी घासतो, द्रोण-पत्रावळी आणि निर्माल्य पाण्यात सोडतो. गंगेत टाकले म्हणजे पावन झाले, अशी समजूत. तेथे पावन काही होत नाही, जलपर्णी तेवढी पोसली जाते.

तेव्हा माळकऱ्याच्या शंकेचे उत्तर मला असे दिसते: जलपर्णी उपटण्यात पुण्य शोधू नये. ते आपले देणे आहे. दुसऱ्याच्या शेतात आपले गुरू शिरले तर ते हाकलून आणणे हा काही परोपकार नव्हे. आणि गुरू हाकलीत असताना दुसऱ्या हाताने कुंपण मोडीत राहिलो तर लोक आपल्याला काय म्हणतील? सकाळी नदीत उतरून दहा टोपल्या जलपर्णी काढणारा आणि संध्याकाळी घरचे मैले पाणी ओढ्याला सोडणारा, याच्या हातून हिंसा मात्र झाली, सेवा झाली नाही. रोपाचा जीव घेतला तो निदान फुकट जाऊ नये. त्यासाठी गावाने सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे म्हणून पालिकेकडे, पंचायतीकडे तगादा लावणे, हे त्याच श्रमदानाचे दुसरे अंग समजले पाहिजे. ते कंटाळवाणे असते, त्यात छायाचित्र निघत नाही, म्हणून त्याला माणसे कमी मिळतात.

येथे आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. ही कामे करणाऱ्यांच्या तोंडी 'परकी झाडे', 'घुसखोर झाडे' असे शब्द फार येतात, आणि त्यातून एक प्रकारचा राग तयार होतो. सज्जनहो, आपले एकादशीचे ताट समोर घ्या. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा, रताळे, हिरवी मिरची आणि राजगिरासुद्धा त्याच खंडांतून आले. जलपर्णीच्या माहेरची ही सगळी मंडळी आपल्या उपासाला चालतात, देवाच्या नैवेद्याला चालतात. परदेशातून येणे हा दोष असता तर आपल्याला एकादशीला पाण्यावर राहावे लागले असते. जो शेजाऱ्याला जागा ठेवीत नाही त्याला आवरावे लागते, मग तो कोठलाही असो. रागाने उपटणाऱ्याचा हात लवकर थकतो, आणि राग उरला की तो दुसरे कोणी तरी शोधू लागतो.

आता कामाकडे वळू. दाट पसरलेली जलपर्णी एका हेक्टरवर दोनशे टनांहून अधिक भरू शकते, आणि त्यात बहुतेक पाणीच. इतके ओझे चार-दोन दिंड्यांनी हलणार नाही. तेथे पालिकेची यंत्रे, नावा, मजूर लागतातच. काही ठिकाणी विष फवारण्याचा सोपा मार्ग सुचविला जातो. पण मेलेली रोपे पाण्यातच कुजतात, उरलासुरला प्राणवायू संपतो, आणि ज्या माशांसाठी खटाटोप केला तेच पोट वर करून तरंगू लागतात. मग स्वयंसेवकाचे काम कोठे? माझ्या मते ते वेळेवर येण्यात आहे. मघा सांगितले की जलपर्णी पंधरवड्यात दुप्पट होते. पंधरवडा म्हणजे एकादशी ते एकादशी! माघी एकादशीला एक रोप राहिले तर वैशाखी पौर्णिमेपर्यंत सहा पंधरवडे होतात, आणि एकाची चौसष्ट होतात. यंत्र येते ते चौसष्टाच्या वेळी, कारण तेव्हाच ते सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते. एकाच्या वेळी येणारा मनुष्य पाहिजे. आणि दर पंधरवड्याला न चुकता एक गोष्ट करण्याचा अभ्यास आपल्याइतका कोणाला आहे? एकादशीचा उपास सोडून द्वादशीला पारणे झाले की गावातल्या चार जणांनी नदीचे आपले वळण पाहून यावे. द्वादशीला तुळस तोडीत नाहीत म्हणून जलपर्णीही तोडू नये, असे मात्र कोणी म्हणू नये.

नेम नसला तर काय होते ते बंगालने पाहिले आहे. तिकडे तिला कचुरीपाना म्हणतात. भातशेती बुडू लागली, नावा अडू लागल्या, तेव्हा १९३६ साली कायदा झाला: आपल्या आवारात कचुरीपाना ठेवणे गुन्हा, आणि ती काढण्याच्या मोहिमेत हात लावणे हे कर्तव्य. १९३७ च्या निवडणुकीत तर ती निर्मूल करण्याची वचने राजकीय पक्षांनी दिली. लोकांनी कंबर कसून पुष्कळ पाणी मोकळेही केले. तरी ती वनस्पती बंगालच्या पाण्यात आजही आहेच. कायद्याने माणूस एकदा पाण्यात उतरवता येतो. चिखलातले वीस वर्षांचे बी वाट पाहत असते, त्याच्यासमोर दर पंधरवड्याला उभे राहावयाचे ते आपल्या मनाने.

आपल्याकडे याला एक मोठा आदर्श आहे. गाडगेबाबा (ते १९५६ साली गेले) गावात येत तेव्हा आधी खराटा चाले, कीर्तन मागून होई. खराट्याचा गाजावाजा त्यांनी केला नाही. हल्ली काही ठिकाणी फलक आधी लागतो, मग पाहुणे येतात, मग हार, आणि सूर्य डोक्यावर आल्यावर दोन रोपे हातात धरून छायाचित्र. त्यापेक्षा चार बाया मुकाट्याने टोपल्या भरीत असतील तर नदी त्यांची ऋणी राहील.

काढलेली जलपर्णी काठावर टाकून घरी जाणे ही तर सर्रास होणारी चूक. पहिल्या पुराबरोबर ती पुन्हा पाण्यात जाते. पुराच्या रेषेच्या वर नेऊन ती वाळवावी, खड्ड्यात कुजवून खत करावे, आणि हे सगळे फूल येण्याआधी करावे, म्हणजे खताबरोबर बी पसरत नाही. तुटका फुटवाही पुन्हा जीव धरतो, म्हणून वेचून घ्यावा. खोल पाण्यात पोहता न येणाऱ्याने उतरू नये. काठावरून बांबूने ओढावे, आणि नदी जाणणाऱ्या कोळी बांधवांना सोबत घ्यावे.

पालखीच्या वाटेवर दुसरे एक काम आहे ते गाजर गवताचे. हेही अमेरिका खंडातले. पुण्यात १९५५ च्या सुमारास ते प्रथम नजरेत भरले, धान्याबरोबर आले असावे असे अभ्यासक मानतात. आता ते रस्त्याकडेला, पडीक रानात, शाळेच्या आवारात कोठेही दिसते. एका झाडाला हजारोंनी बी येते. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, चट्टे उठतात. परागाने दम लागतो. पहिल्या पावसाने ते रुजते, म्हणजे आषाढीच्या सुमारास ते कोवळे असते, जमीन ओली असते, मुळासकट सहज निघते. पांढरी फुले आली की उशीर झाला. विसाव्याच्या गावांतल्या मंडळींनी पालखी येण्याआधी तळाभोवतालचे गवत हातमोजे आणि लांब बाह्यांचे कपडे घालून काढले, तर उघड्यावर निजणाऱ्या वारकऱ्याला त्यापेक्षा मोठा पाहुणचार नको.

जलपर्णीची वाट मात्र निराळी आहे, आणि ती विचार करण्यासारखी आहे. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवनेचे पाणी मुळा-मुठेतून पुढे भीमेलाच येते. भीमा उजनीच्या जलाशयात शिरते आणि तेथून पुढे पंढरीला चंद्रभागा होते. देहू-आळंदीला सुटलेले रोप पुराबरोबर याच वाटेने खाली सरकते. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीच्या यात्रेसाठी लाखो माणसे जमतात, तेव्हा पूर ओसरलेला असतो आणि वळणांत, झाडांच्या मुळ्यांत, पुलाच्या खांबांशी थोडीच रोपे अडकलेली असतात. माघापर्यंत ती वाढलेली असतात. यंदा यात्रेला गेलात तर स्नान झाल्यावर घाटापासून थोडे वर चालत जा आणि ती रोपे कोठे कोठे आहेत ते पाहून ठेवा.