पाळणा एकटीनेच का हलवायचा?



नोकरी करणाऱ्या स्त्रीला मूल झाले की काही दिवसांतच तिला एक प्रश्न विचारला जातो : “आता नोकरीचे काय करणार?” बाळाच्या वडिलांना हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्यांच्याकडे फक्त पेढे मागितले जातात. आजच्या विषयाचे मूळ ह्या एवढ्याशा गोष्टीत आहे.

आपल्या वाणगावातून कोणी बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत जाते, कोणी शाळेत, इस्पितळात वा बँकेत. २०१३ साली लोकल गाडी डहाणूपर्यंत आली तेव्हापासून विरार आणि त्याही पुढे रोज ये-जा करणे अनेकांना शक्य झाले. पण गाडी पकडायची म्हणजे पहाटे घर सोडायचे. बाळ झोपेत असताना निघायचे आणि परतावे तोवर ते पुन्हा झोपलेले, असे दिवस आईच्या वाट्याला येतात. घरी असताना काम राहून गेल्याची बोच आणि कामावर असताना बाळाला टाकून आल्याची बोच. अशी दुहेरी टोचणी ती मुकाट्याने सोसत असते.

कायद्याने ह्या बाबतीत बरेच केले आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने आईला १२ आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ साली पहिल्या दोन बाळंतपणांसाठी ती २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता यावे, हेही ठरले. नोव्हेंबर २०२५ पासून ह्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात, त्याच्याशी ही रजा जुळते.

पण ह्या कायद्याच्या बाहेर कोण राहते, तेही पाहू या. मिरचीच्या वाडीत तोडणीला जाणारी, वीटभट्टीवर राबणारी आई सहा महिने थांबू शकत नाही. थांबली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ती झाडाला झोळी बांधते आणि कामाला लागते. आणखी एक बाई आपल्या अगदी जवळची आहे : जी आपले बाळ सांभाळायला आपल्या घरी येते. तिचे स्वतःचे बाळ त्या वेळी कोठे असते? पुष्कळदा ते आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर असते. मग त्या बहिणीची शाळा सुटते. म्हणजे एका घरातला तोल दुसऱ्या घरातला तोल घालवून साधलेला असतो!

हा पेच आपल्याच डहाणू तालुक्यात पूर्वी दोन स्त्रियांनी ओळखला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना वा आईबापांना दोष दिला नाही. ती का येत नाहीत हे त्यांनी पाहिले. मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहत होत्या, मुलगे गुरे राखीत होते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली व तिला विकासवाडी म्हटले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. आई निर्धास्तपणे शेतावर. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली, आणि बालवाडी थेट पाड्यातल्या अंगणात गेली. स्वतः ताराबाईंनी नोकरी करीत मुलगी वाढविली होती. अनुताई तर बालविधवा, त्यांना मूल नव्हते. तरीही परक्यांच्या लेकरांचा भार त्यांनी आपला मानला.

कोसबाडने शिकवलेली गोष्ट साधी आहे. नोकरी आणि बाळ ह्यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न एकट्या आईला विचारला तर त्याला उत्तर नाही. तो बापाला, सासू-सासऱ्यांना, मालकाला आणि शेजाऱ्यांना विचारावा लागतो.

“मग तिने नोकरी सोडावी, एवढे कशाला?” असे काहीजण म्हणतील. एखादी आई मनापासून तसे ठरवीत असेल तर तिचा मान राखावा. पण जिच्या पगारावर घराचे हप्ते फिटतात, जिने कष्टाने विद्या मिळवली, तिला घरी बसण्याचा सल्ला देणे सोपे आहे. तो देणाऱ्याला स्वतःला मात्र काही सोडावे लागत नाही. उलट बाजूनेही खरे बोलले पाहिजे. बाळाचे हे दिवस परत येत नाहीत. त्याला ओळखीची कूस आणि रोजचा तोच चेहरा हवा असतो. पण तो चेहरा बापाचा का असू नये? दूध पाजणे सोडले तर बाळाचे असे कोणते काम आहे, जे पुरुषाच्या हातून होत नाही?

नाझरेथच्या योसेफाला आपण कामगारांचा आश्रयदाता म्हणतो. तो सुतार होता, आणि बाळ व त्याच्या आईला घेऊन रात्रीच परदेशी निघालेला बापही होता. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९८१ साली मानवी श्रमांवर परिपत्र लिहिले. त्यातही कामाची रचनाच अशी असावी की स्त्रीला प्रगतीची किंमत म्हणून आपले मातृत्व व कुटुंब मागे सारावे लागू नये, असे सांगितले आहे. म्हणजे आईने कामासाठी किती वाकावे एवढेच विचारून भागत नाही. कामाने आईसाठी किती वाकावे, हेही विचारायला हवे.

आपल्यापैकी प्रत्येकाला काही ना काही करता येईल. पतीने रात्रीची एक पाळी आपल्याकडे घ्यावी आणि त्याला ‘मदत’ म्हणू नये, कारण बाळ त्याचेही आहे. आजीला गृहीत न धरता विचारावे, तिच्याही गुडघ्यांना विश्रांती हवी. बाळ सांभाळणाऱ्या बाईला ठरलेली सुट्टी, आजारपणात पगार द्यावा, आणि तिची मुलगी शाळेत जाते ना, हे विचारावे. जे दुकान वा कारखाना चालवितात, त्यांनी बाळंतपणाहून परतलेल्या स्त्रीकडे संशयाने पाहू नये. मिस्सेला बाळ रडले तर मागे वळून डोळे वटारू नयेत. पुढे होऊन त्याला थोडा वेळ घ्यावे, म्हणजे त्या आईला घडीभर शांत बसता येईल.

आणि ह्या रविवारी एखादी तरुण आई भेटलीच, तर “नोकरीचे काय करणार?” असे विचारण्याऐवजी “आम्ही तुझ्यासाठी काय करू?” असे विचारू या.