मानमोडीच्या पाठची

1 जून हा महाराष्ट्रातल्या असंख्य पिकल्या माणसांचा वाढदिवस असतो. पोराला शाळेत घालायला आलेल्या आईबापांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी ही तारीख ठोकून देत. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशेब सोपा जायचा. एसटीचा वाढदिवसही 1 जूनच, 1948 साली पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी त्या दिवशी सुटली. तिची तारीख मात्र खरी आहे. माझी आजी शाळेची पायरीच चढली नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला गुरुजींची खोटी तारीखसुद्धा आली नाही.

वय विचारलं की ती सांगायची, "म्या मानमोडीच्या पाठची."

मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लूएंझाची साथ. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. बोटींवरून मुंबईत उतरलेला हा ताप पावसाळा सरता सरता देशावरच्या खेड्यापाड्यांत शिरला. त्या साली पाऊसही गेला होता. उपाशी अंगावर ताप आला आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. 1911 ते 1921 या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, विसाव्या शतकात असं एकदाच झालं. आजीला हे आकडे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिच्या आईनं तिला सांगितलेलं एवढंच, की मानमोडी सरली आणि मग हत्तीच्या पावसात तू झालीस.

आमचं गाव खटाव तालुक्यात, येरळेच्या काठचं. काठचं म्हणायचं, बाकी वर्षातले कितीतरी महिने नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. अशा भागात पावसाची नावं माणसांच्या नावांसारखी पाठ असतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हस्ताचा हत्तीचा. मृग निघाला की आजी मला पंचांगातलं वाहन विचारायला देवळात पिटाळायची. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की तिचा चेहरा खुलायचा. गाढव किंवा कोल्हा निघाला की म्हणायची, "बामनाला इचार नीट, चुकून दुसरंच वाचलं आसंल." खालच्या आळीचं आणि वरच्या आळीचं वाहन वेगळं असू शकतं, असं तिला मनापासून वाटत असावं.

दिवसाचे तुकडेही तिचे स्वतःचे होते. पहिला कोंबडा, दिवस कासराभर वर, उन्हं उंबऱ्याला टेकली, गुरं परतली, दिवेलागण. शेवटचा तुकडा एसटीनं दिलेला. रात्रीची मुक्कामी गाडी वेशीशी आली की तिचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जायचा, आणि आजी म्हणायची, "गाडी आली, आता पडा." गाडी उशिरा आली की आम्हा पोरांची चैन. एकदा गाडी वाटेतच बंद पडली. आम्ही कितीतरी वेळ ओसरीवर गोष्टी ऐकत बसलो, आणि झोपायची वेळ झाली हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. खरं तर आजीच्या आलं असणार.

मग आमच्या घरात कालनिर्णय आलं. ते पहिल्यांदा निघालं 1973 साठी, आमच्याकडे पोचायला आणखी काही वर्षं लागली. सोप्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता ते बघून सांगायचं काम माझं. मी ऐटीत वाचायचे, नऊ वाजून अमुक मिनिटं. आजी मान डोलवायची, आणि घरात तर घड्याळच नव्हतं. ती अंगणात जाऊन पूर्वेकडं तोंड करून उभी राहायची. हातात ताम्हण, ताम्हणात दूर्वा, तांदळाचे चार दाणे आणि लाल फूल. डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला. ढग असले की तिचा चंद्र ढगातून निघेपर्यंत उपास लांबायचा. छापलेल्या वेळेला चंद्र उगवलाय असं धरून जेव, असं माझे वडील म्हणायचे. "कागदावर उगावला आसंल, माज्या अंगनात न्हाय," एवढं बोलून ती परत आभाळाकडं बघायला लागायची. मी तिच्या लुगड्याला धरून उभी. भाकरीच्या धुराचा आणि मिसरीचा मिळून एक वास त्या लुगड्याला यायचा. कुठं मिसरी भाजत असली तर मला अजूनही त्या अंगणात गेल्यासारखं वाटतं. मिसरी वाईट हे मला पक्कं माहीत आहे. पण नाकाला कोण समजावणार?

माझा स्वतःचा जन्म आजीच्या हिशेबात "मिलोच्या साली" झाला. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मिलो सांगायला नको. परदेशातून आलेली ती लालसर ज्वारी रेशनवर मिळायची. तिचं पीठ हाताला धरायचं नाही. भाकरी थापताना कडेनं उलायची आणि तव्यावर टाकेपर्यंत तुकडे व्हायचे. शाळू खाणाऱ्या माणसांना ती चव परकीच. पण पोट भरत होतं. गावोगावी दुष्काळी कामं निघाली होती, पाझर तलाव, नालाबांध, रस्त्याची खडी. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. कामावर सुकडी मिळायची. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात राज्यभर उभी राहिली, पुढं 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि कितीतरी वर्षांनी सगळ्या देशानं तो धडा गिरवला. आमच्या घरच्यांनीही खडी फोडली. आजीनं, आत्यानं, आणि मी पोटात असताना काही दिवस माझ्या आईनंसुद्धा. आजी मला म्हणायची, "तू मिलो खाऊन आल्यालीस, तुला काय हुतंय?" ताप आला, गुडघा फुटला, परीक्षेत नापास होण्याची भीती वाटली, तरी औषध हेच. आणि गंमत म्हणजे ते लागू पडायचं.

चुलतभाऊ धरणीकंपाचा, म्हणजे कोयनेच्या भूकंपाचा, 1967 च्या डिसेंबरचा. त्या पहाटे भांडी फळीवरून कशी खाली आली आणि सगळं गाव थंडीत पांदीत कसं बसलं, ते आजी दर वेळी नव्यानं सांगायची. मोठे काका पत्री सरकारच्या वक्ताचे. थोरली आत्या वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, त्या बेचाळीसच्या वर्षातली. धाकट्या काकांच्या जन्माला मात्र देशात की जिल्ह्यात काही घडलंच नव्हतं. त्यामुळे त्यांचा जन्म "मोरी म्हस दुसऱ्यांदा याली तवा" असा नोंदला गेला. या गोष्टीचा त्यांना शेवटपर्यंत राग होता.

हे सगळं आम्हा पोरांना विनोदी वाटायचं. मोठी झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. आजीची दोन मुलं लहानपणीच गेली होती. त्यांच्याबद्दल ती फारसं बोलायची नाही, पण टाळायचीही नाही. एक "पटकीच्या साथीत" गेलं, एक "पेरण्या वाया गेल्या त्या साली". नुसतं गेलं असं ती कधी म्हणाली नाही. पटकीच्या साथीत नुसतं तिचंच पोर गेलं नव्हतं, शेजारच्या घरातलंही गेलं होतं, वेशीजवळच्या दोन घरांत तर दिवा लावायला कुणी उरलं नव्हतं. पेरण्या सगळ्यांच्याच वाया गेल्या होत्या. तिनं आपलं दुःख गावाच्या दुःखाशेजारी बसवून ठेवलं होतं, बाजाराच्या दिवशी बायका एकमेकींच्या पाट्या शेजारी शेजारी मांडून बसतात तसं. तारखेची गोष्ट वेगळी आहे. तारखेला माणूस एकटं असतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा मुलगा गेला, त्याची तारीख दर महिन्याला येते आणि त्या दिवशी त्या कुणाचा फोन घेत नाहीत. आजीचं सोसणं जास्त बरं होतं, असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण तिच्याकडं सोबत जास्त होती, एवढं दिसतं.

टी. एन. शेषन यांच्या काळात फोटोची मतदार ओळखपत्रं निघाली, तेव्हा गावच्या शाळेत फोटो काढायला रांग लागली. किल्लारीचा भूकंप नुकताच होऊन गेला होता आणि आजी रांगेतल्या बायकांना धरणीकंपाचे जुने-नवे अनुभव ऐकवत होती. टेबलाशी पोचल्यावर नोंद घेणाऱ्या तरुणानं वय विचारलं. आजीनं सांगितलं, मानमोडीच्या पाठची. त्याला कळेना. मी मध्ये पडून म्हटलं, पंचाहत्तरच्या आसपास लिहा. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं आणि अडुसष्ट लिहिलं. आजीला कळल्यावर ती खूश झाली. त्या रात्री मुक्कामी गाडी येईपर्यंत तिनं शेजारणींना सांगून घेतलं, की सरकारनं आपली सात वर्षं माफ केली. कार्डावरचा फोटो इतका काळा आला होता, की त्यात फक्त कुंकवाच्या जागेचं गोंदण ओळखू यायचं. त्या कार्डावर तिनं दोनदा मत टाकलं.

ती गेली तेव्हा तारीख होती, वार होता, वेळ होती, ग्रामपंचायतीचा दाखला होता. आम्ही तिचा म्हाळ मात्र पितृपंधरवड्यात तिथीवरच घालतो. गवारीची भाजी, वडे, खीर, आणि पानावर एका कडेला कांदा-मिरचीचा ठेचा, तिला आवडायचा म्हणून. भटजी त्या ठेच्याकडं दरवर्षी कानाडोळा करतात.

2023 च्या अखेरीस राज्यात सगळीकडं कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली. आजीच्या भावाचा नातू त्या खटपटीत होता. मोडी वाचणाऱ्या एका जाणकाराला घेऊन तो तालुक्याला गेला आणि आजीच्या माहेरगावची कोतवाल बुकं बघत बसला. पूर्वी गावातला जन्म आणि मृत्यू कोतवालानं कळवायचा आणि तो या वहीत चढायचा. त्याला हवं होतं पणज्याच्या नावापुढचं जात लिहिलेलं एक पान. ते शोधताना तो 1918 च्या मृत्यूंपाशी पोचला आणि त्यानं मला रात्री फोन केला. मृत्यूचं कारण लिहायच्या रकान्यात, सप्टेंबर संपताना आणि सबंध ऑक्टोबरभर, एकाखाली एक तोच शब्द. ताप. ताप. ताप. पानं उलटली तरी ताप. काही ठिकाणी लिहिणाऱ्यानं कंटाळून नुसत्या दोन रेघा ओढल्या होत्या, म्हणजे वरच्यासारखंच. एका घरातली तीन नावं सलग. "मानमोडी" असं कुठं लिहिलेलं नव्हतं. सरकारदरबारी तो ताप होता, माना मोडल्या त्या लोकांच्या.

पुढच्या वर्षीची जन्माची पानं त्या मानानं रिकामी. ज्या घरांतून तरणी माणसं गेली, तिथं पोरं कुठून व्हायची? त्या विरळ पानांवर पणज्याच्या नावापुढं एक नोंद होती. नाव नाही, फक्त "मुलगी". तारीख ऑक्टोबर 1919 च्या पहिल्या आठवड्यातली. त्यानं पानाचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून कितीतरी वेळ पाहिला. मोडी मला येत नाही, तरी त्या एका वळणदार शब्दाशी बोट नेऊन थांबले. शंभर वर्षं ती तिथं, कुणी न उघडलेल्या वहीत, बिननावाची बसून होती.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या आत्याला फोन लावला. आत्या आता ऐंशीच्या पुढची, कानानं थोडी कमी, बाकी ठणठणीत. मी जोरजोरात सांगितलं, आत्या, आजीची जन्मतारीख सापडली. कशी सापडली, कुठं सापडली, किती खटपट झाली, मोडी वाचणाऱ्याला किती पैसे दिले, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हंजी कोणतं नक्षत्र? मी कालनिर्णय पाहून सांगितलं, हस्त.

"मंग हत्तीचा पाऊसच की," आत्या म्हणाली. "ते तर आईनं सांगितल्यालंच हुतं. त्यापायी पोरानं कामधंदा सोडून तालुक्याला कशाला जायाचं?"