आधी हात लावला
(शास्त्रभाग : मार्क 1:40-45)



अकोटकडील एका खेड्यातील उपदेशकाने आम्हांस प्रश्न केला आहे. दारू सुटण्यासाठी उपचार घेऊन परतलेल्या एका बंधूने मंडळीसमोर उभे राहून आपणांस एच.आय.व्ही.ची लागण असल्याचे सांगितले. तर प्रभुभोजनाच्या वेळी त्यास निराळा प्याला द्यावा काय? त्या बंधूच्या अनुमतीने, गावाचे नाव न घेता, आम्ही उत्तर लिहितो.

वरील शास्त्रभागात कुष्ठी प्रभूपाशी येतो. प्रभूने त्यास बरे केले हे आपण मुलांस शिकवितो. पण क्रम पाहा. आधी हात लावला, मग तो शुद्ध झाला. केवळ शब्दाने बरे करण्यास प्रभू समर्थ होता. वऱ्हाडात कुष्ठरोग्यास गावाबाहेर काढणारे आपलेच लोक होते, आणि अचलपूरजवळ कोठाऱ्यास त्याच्यासाठी इस्पितळ चालविणारेही ख्रिस्ती लोकच.

इ.स. 1986 साली आपल्या देशात ही लागण प्रथम मद्रास येथे आढळली. त्याच वर्षी पुण्यास डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ति केंद्र स्थापिले. ह्या योगायोगात आम्ही गूढ शोधीत नाही; पण व्यसन व ही लागण ह्यांचा संबंध खरा आहे. नशेची सुई वाटून घेतल्याने रोग रक्तातून जातो. आपल्या खेड्यांत सुईपेक्षा बाटली अधिक, आणि बाटली प्रथम विवेक नेते. रात्री आपण कोठे गेलो हे मनुष्यास सकाळी आठवत नाही. आणि भोगावे लागते घरच्या निरपराध पत्नीस व तिच्या उदरातील मुलास.

म्हणून व्यसन सोडणाऱ्यास हे शिकवावेच. मात्र पहिल्या दिवसांत त्याचे हात कापतात, झोप येत नाही; तेव्हाचे शिक्षण टिकत नाही. अन्न रुचू लागले म्हणजे थोडेथोडे सांगावे. भय घालू नये. भ्यालेला मनुष्य तपासणीस न जाता गुत्त्यावर जातो. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते. जोखमीनंतर लगेच केलेल्या तपासणीत लागण न दिसली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. औषधेही 2004 सालापासून सरकारतर्फे फुकट मिळतात. ती नित्य घेऊन रक्तात विषाणू आढळेनासा झाला व तसाच राहिला, म्हणजे संगाने लागण पुढे जात नाही. गरोदर स्त्रीस वेळेवर औषध मिळाल्यास बाळ बहुधा वाचते. दारू परत आली की गोळी चुकते, हेही त्यास स्पष्ट सांगावे.

उपदेशक बंधूंनो, कोणाची लागण त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास 2017 च्या कायद्याने मनाई आहे. प्रार्थनेच्या विनंतीत नाव घालणे हेही उघड करणेच होय. आपणांस ह्याची फार सवय आहे.

आता प्याल्याविषयी. ही लागण लाळेने, एका ताटात जेवल्याने किंवा हातात हात दिल्याने होत नाही. निराळा प्याला नको. येत्या प्रभुभोजनास आम्ही त्या गावी येत आहो. प्याला सर्व मंडळीतून फिरून परत आला म्हणजे त्यात उरेल ते आम्ही पिऊ.