गुराख्याचा दगड

वीरगळ हा शब्द आपल्याकडे कानडीतून आला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु, आणि मराठी तोंडात वीरगळ. विदर्भातून नोकरीसाठी बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यात येईपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं. इथल्या गावांच्या नावांतला ‘संद्र’ म्हणजे समुद्र, म्हणजे मोठा तलाव, हेही इथंच कळलं. आता बोम्मसंद्र म्हटलं की डोळ्यापुढे कारखाने येतात, होसूर रस्त्यावरचे ट्रक येतात, आणि ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचं शेवटचं स्टेशन.

पाहुणे आले की विचारतात, इथं बघायला काय आहे? मी त्यांना बेगूरला नेतो. होसूर रस्त्यावरून शहराकडे निघालं की पश्चिमेला थोडं आत नागेश्वराचं गंगकालीन देऊळ आहे. तिथल्या एका शिलालेखात, सुमारे इ. स. ८९० मधल्या, ‘बेंगळूरु’ हे नाव येतं. बेंगळूरच्या लढाईत पडलेल्या माणसाची ती नोंद आहे. एवढ्या मोठ्या शहराचं नाव इतक्या जुन्या काळात सापडतं ते राजाच्या दानपत्रात नाही, मेलेल्या माणसाच्या स्मरणात. बेगूरचाच दुसरा भव्य वीरगळ कस्तुरबा रस्त्यावरच्या सरकारी संग्रहालयात आहे. त्यावर हत्ती-घोड्यांची झुंज कोरलेली आहे. हे संग्रहालय १८६५ सालचं.

पण माझं मन रमतं ते साध्या वीरगळांवर, गुरांसाठी मेलेल्यांच्या. कानडीत ‘तुरु’ म्हणजे गुरं आणि ‘तुरुगोळ’ म्हणजे ती हिसकावून नेणं. महाभारतात कौरव विराटाच्या गाई पळवतात तेच हे गोग्रहण. महाराष्ट्रातही असे दगड गावोगाव आहेत. दगडावर बहुधा तीन पट्ट्या असतात आणि त्या खालून वर वाचायच्या. सगळ्यांत खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या पट्टीतल्या गाई नीट पाहाव्यात. त्या एकीच्या अंगावर एक अशा दाटीनं उभ्या असतात. अंगं एकमेकींत मिसळलेली, शिंगं तेवढी वेगळी मोजता येतात. ज्यानं कोरलं त्यानं कळप पाहिलेला होता, हे त्या शिंगांवरून कळतं. कळप लांबून तसाच दिसतो.

गुराख्याची आठवण दूर अमेरिकेतही जपतात. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहराला ‘काउटाउन’ म्हणतात. तिथल्या जुन्या गुरांच्या बाजारात रोज सकाळी साडेअकराला आणि दुपारी चारला लांब शिंगांची गुरं रस्त्यावरून हाकली जातात आणि दुतर्फा लोक उभे राहून बघतात. घोड्यावर बसून गुरं राखणाऱ्या बायकांचं वेगळं संग्रहालयही त्या शहरात आहे. टेक्सासहून उत्तरेकडे कळप हाकत नेण्याचा तो काळ जेमतेम वीस वर्षांचा. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं, रेल्वे जवळ आली आणि मोकळं रान संपलं. काउबॉयचा तो वारसाही एकट्या गोऱ्या माणसाचा नव्हता. लासो आणि रँच हे शब्द मेक्सिकोच्या स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांचे. त्या वीस वर्षांवर एका देशानं स्वतःची ओळख उभी केली. मला त्याचा हेवा वाटतो. आपल्याकडे हजार वर्षांचा ऐवज आहे आणि त्याच्यावर कपडे वाळत घातलेले मी पाहिले आहेत.

मात्र वीरगळ वाचवले म्हणजे गुराख्याचा वारसा वाचला, असं मला आता वाटत नाही. बंगळूरमध्ये उदयकुमार पी. एल. यांच्यासारख्या हौशी अभ्यासकांनी गल्लीबोळांतले शिलालेख शोधून काढले, आणि मिथिक सोसायटी ही संस्था त्यांच्या त्रिमितीय प्रतिमा करते आहे. हे मोठंच काम आहे. पण वीरगळ गुराख्याचा शेवटचा दिवस सांगतो. त्याआधीचे हजारो दिवस, म्हणजे उन्हात कळपामागे चालणं, पाणवठे लक्षात ठेवणं, लंगडणारी गाय चालीवरून ओळखणं, हे कुठल्याच दगडावर नाही. त्या दिवसांची खूण म्हणजे गुरं चरायची जमीन. आपण तिला गायरान म्हणतो, इथं गोमाळ म्हणतात.

त्याहून मोठी राखीव कुरणं म्हणजे ‘कावल’. त्यांची गोष्ट बंगळूरशी आणि मराठ्यांशीही जोडलेली आहे. शहाजीराजांची बंगळूरची जहागीर व्यंकोजींकडे आली. १६८७ च्या सुमारास मोगलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजाच्या हवाली केलं. याच चिक्कदेवराजानं गुरांचं खातं उभं केलं. त्याचं नाव ‘बेण्णे चावडी’, लोण्याची कचेरी. टिपूनं त्याला ‘अमृत महाल’ म्हटलं. हैदर आणि टिपूच्या तोफा या बैलांनी ओढल्या. श्रीरंगपट्टण पडल्यावर तेच बैल इंग्रजांनी ताब्यात घेतले, आणि पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या सेनापतीनं त्यांची वाखाणणी केली. हे सगळं उभं होतं ऋतूप्रमाणे गुरं हलवायच्या कावलांवर. चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरेजवळ अशाच अमृत महाल कावलाची हजारो एकर जमीन अलीकडे संरक्षण, अणू आणि अवकाश संशोधनाच्या संस्थांना दिली गेली. तिथं मेंढरं चारून लोकरीच्या घोंगड्या विणणारे लोक विरोधात उभे राहिले. विज्ञान हवंच. पण सरकारी कागदांवर कुरणाला ‘रिकामी जमीन’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. ती रिकामी कधीच नव्हती.

चरणारा आणि पेरणारा यांचं भांडण या शहराच्या दैवतातही आहे. बसवनगुडीच्या टेकडीवर एकाच दगडातला मोठा नंदी आहे. दंतकथा सांगते की एक बैल रात्री शेतात शिरून भुईमूग खायचा. शेतकऱ्यानं त्याला मारलं आणि त्याचा दगड झाला. म्हणून कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी कडलेकाय परिषे, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, भरते आणि नव्या शेंगा आधी त्याला वाहतात. पिकाचं नुकसान करणाऱ्यालाच पहिला घास द्यायचा, ही समजूत मला फार मोठी वाटते.

विदर्भातल्या आमच्या गावी सकाळी ढोरं आखरावर जमत. तिथून गोवारी, म्हणजे आमचा गुराखी, ती रानात नेई. उनाड ढोराच्या गळ्यात लोढणं बांधलेलं असे, आणि संध्याकाळी ते पायांवर आपटल्याचा आवाज आधी येई, ढोरं मागून दिसत. घराघरांतून गोवाऱ्याला धान्य मिळे. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गोवाऱ्यांची ढाल निघे, आणि एरवी दाराबाहेर थांबणारा माणूस त्या दिवशी अंगणाच्या मधोमध नाचे. मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही. आम्ही सगळे त्याला गोवारीच म्हणत होतो.

२३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानसभेवर गेलेल्या गोवाऱ्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यांत बायका होत्या, लेकरं होती. अनुसूचित जमातीची ओळख मागायला ती आली होती. २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. झिरो माइलच्या परिसरात त्यांचं स्मारक आहे, जवळच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. नागपूरला गेलो की मी तिथं थांबतो. बेगूरच्या दगडापुढे उभा राहतो तसाच, खालून वर बघत.