हातमोजे घालून पाहिलंस का?

पेढ्यांचा पुडा तिथेच ठेव. बढतीचं कौतुक नंतर. ‘सर, आमची माणसंच बदलायला तयार नाहीत’ हे आल्यापासून चार वेळा म्हणालास. मी मोजलंय. आता गप्प बैस.

नोंदवह्या काढून घेतल्यास आणि लाइनवर टॅब लावलेस. कुणाला विचारलंस? म्हणे टाउनहॉल घेतला, प्रश्नोत्तरंही झाली. अरे शहाण्या, मुहूर्त काढून, पत्रिका छापून झाल्यावर पोरीला ‘मुलगा पसंत आहे ना?’ विचारणारा बाप आणि तू, फरक काय?

हार्वुडच्या कारखान्यावर परीक्षेत तीन पानं लिहिली होतीस. पंधरापैकी तेरा गुण मीच दिले. आता वाटतं, परत घ्यावेत. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियन गावात पायजमे शिवणारा कारखाना होता. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी 1948 साली तिथल्या प्रयोगावर लेख लिहिला. इस्त्रीवाल्यांच्या कामात बदल केला तो केवढासा? अर्धा डझन कपडे पुठ्ठ्यावर रचायचे, ते खोक्यात रचायचे. त्यांनाही सभेत बोलावून सांगितलं होतं, की बाजारात स्पर्धा वाढलीय म्हणून हे करतोय. शंकांना उत्तरंही दिली होती. हुबेहूब तुझा टाउनहॉल! चाळीस दिवसांत 17 टक्के लोक काम सोडून गेले. उरलेल्यांचं उत्पादन पडलं ते पडलंच.

त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या गटांपुढे दोन सारखेच कपडे ठेवले. एक 1946 चा, एक 1947 चा. पहिला दुप्पट किमतीला विकला गेलेला. यातला स्वस्त कुठला, ते कुणालाच ओळखता येईना. खर्च का उतरवायचा, ते भाषण न देता कळलं. मग काम कसं बदलायचं, दर कसे बसवायचे, यात त्यांना घेतलं. जिथे अख्खा गट सामील झाला तिथे उत्पादन थोड्याच दिवसांत पूर्वीच्या वर गेलं आणि त्या चाळीस दिवसांत कुणी सोडून गेलं नाही.

आणि तू उत्तरपत्रिकेत गाळलेली गोष्ट ऐक. त्या पहिल्या गटातले जे उरले होते, त्यांनाच अडीच महिन्यांनी नव्या कामावर घातलं, या खेपेला सामील करून घेऊन. तेच लोक भराभर वर आले! आता बोल, ‘आमची माणसंच तशी.’

गट छोटे होते, सात ते अठरा जणांचे. तेव्हा टक्केवारीवर फार नाचू नकोस. पुढे नॉर्वेतल्या बुटांच्या कारखान्यात असाच प्रयोग झाला, तिथे उत्पादनात फरक पडला नाही. कामगारांच्या हाती दिलेले निर्णयच किरकोळ होते. उद्या तू त्यांना टॅबच्या कव्हराचा रंग निवडायला लावशील, म्हणून सांगतोय.

तो टॅब हातमोजे घालून चालवून पाहिलास? ग्रीस लागलेल्या बोटाने? नाही ना? मग कामगार आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहितात आणि पाळी संपताना भरतात, याची कसली तक्रार करतोस? लाइन थांबू नये म्हणून तुझी चूक ते फुकटात निस्तरतायत. आणि वीस वर्षं सगळे आकडे तोंडपाठ असलेला माणूस एका सोमवारी नवशिका झाला, कालच्या ट्रेनी पोराला ‘हे कुठे दाबायचं रे?’ विचारायला लागला. त्याची ही लाज तुझ्या एका तरी स्लाइडवर होती?

आज दुसऱ्या पाळीला जा. एकटा जा, फोटो काढणारा नको. नोंद कुठे, कधी, कशावर घ्यायची ते त्यांना ठरवू दे. वहीच हवी म्हणाले तर? वही परत द्यायची तयारी असेल तरच विचारायला जा. नसेल तर ‘हुकूम आहे’ म्हणून सरळ सांग, विचारल्याचं नाटक करू नकोस.

ऊठ. तीनला पाळी बदलते ना? आणि हा पुडा घेऊन जा, तिकडे फोड.