आज्ञेचे हास्य आणि कायकाची कसोटी

दुसऱ्याच्या आनंदाची व्यवस्था करणे हेच ज्या कामाचे स्वरूप आहे आणि ती व्यवस्था करताना काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावरही आनंद दिसलाच पाहिजे अशी ज्याची अट आहे, त्या कामाला धर्मविचारात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न जुन्या ग्रंथांनी या स्वरूपात विचारलेला नसला तरी त्याचा विचार करण्याची साधने त्यांच्यात नक्कीच आहेत. मनोरंजन उद्यान आणि त्याला जोडलेले निवासी हॉटेल, म्हणजे आज सर्रास ज्याला थीम पार्क रिसॉर्ट म्हणतात, तेथे हॉटेल व्यवस्थापनाचे वा पर्यटनाचे विद्यार्थी काही महिने ‘ट्रेनी’ म्हणून राबतात, तेव्हा हा प्रश्न पुस्तकातून बाहेर येऊन उभा राहतो. महाराष्ट्रात अशा उद्यानांचा इतिहास फार जुना नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये, आणि त्याला लागून असलेले नोव्होटेल हॉटेल २०१५ मध्ये. परंतु त्यांच्याबरोबर कामाची जी रीत आली ती जगभर एकच आहे, आणि तिच्यात हसरा चेहरा हा गणवेशाचाच भाग समजला जातो.

हा प्रश्न एका ठरावीक गावावरून पाहता येईल. होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव मुंबई–चेन्नई लोहमार्गावरचे जंक्शन असून विजयपूर-गदगकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि नोकरीच्या जागी हिंदी-इंग्रजी असा भाषांचा क्रम या भागातील कितीतरी तरुणांच्या वाट्याला येतो. गावाची दुसरी ओळख म्हणजे येथील बृहन्मठ; वीरशैव परंपरेतील या मठातील वीरतपस्वी चन्नवीर शिवाचार्यांच्या नावाने सोलापुरात शिक्षणसंस्थाही चालतात. अशा परिसरातला विद्यार्थी शेकडो किलोमीटर दूरच्या रिसॉर्टमध्ये प्रशिक्षणाला जातो तेव्हा कामाविषयीची एक पूर्ण विकसित तत्त्वदृष्टी त्याच्या पाठीशी असते, मग त्याला तिची जाणीव असो वा नसो; आणि भारतीय धर्मपरंपरांत कामाचा इतका नेमका विचार क्वचितच कुठे झाला असल्यामुळे वरील प्रश्न होटगीच्या भूमीवरून पाहणे सर्वाधिक फलदायी ठरते.

त्या वीरशैव दृष्टीचे दोन आधारस्तंभ आहेत. कायक म्हणजे स्वतःच्या देहाच्या श्रमाने, सचोटीने आणि ईश्वरार्पण बुद्धीने केलेला व्यवसाय. आणि दासोह म्हणजे त्या श्रमाच्या फळातले गरजेपुरते ठेवून उरलेले नम्रतेने समाजाला, विशेषतः जंगमाला, म्हणजे शिवाचे चालतेबोलते रूप मानल्या गेलेल्या साधकाला, अर्पण करणे. बाराव्या शतकात कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, येथे बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, हा विचार नुसता मांडला नाही, तर धोबी मडिवाळ माचय्या, चांभार हरळय्या आणि नाभिक हडपद अप्पण्णा यांना मंत्र्यांच्या पंक्तीला बसवून तो आचरून दाखवला. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात हाउसकीपिंग विभागात न्हाणीघर घासायला लावले की घरची माणसे ‘यासाठीच का शिकवले’ असे म्हणतात, त्यांना या परंपरेत आधार सापडणार नाही. शौचालय स्वच्छ करणारा हात आणि पूजा करणारा हात यांत कायकविचार उच्चनीच मानत नाही, आणि इतकी स्पष्ट समता अजूनही समाजाच्या पचनी पडलेली नाही ही खेदाची गोष्ट आहे. येथपर्यंत परंपरा प्रशिक्षणार्थ्याच्या बाजूने निःसंदिग्धपणे उभी आहे. अडचण चेहऱ्याच्या कामाशी सुरू होते, कारण कायकाची एक अट सत्यशुद्धतेची आहे. केलेले काम आणि करणाऱ्याचे अंतरंग यांत फट असता कामा नये, असे ती सांगते.

ही फट किती खोलवर तपासता येते, याचे उदाहरण सोलापूरच्या ग्रामदैवताच्या चरित्रातच आहे. सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगी, म्हणजे आजचे सोलापूर, येथे तलाव खोदवला, मंदिरे उभारली, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. लोककल्याणाच्या कामाचा याहून मोठा आदर्श या प्रदेशाला माहीत नाही. पंधराव्या शतकात प्रथम संकलित झालेल्या ‘शून्यसंपादने’ या ग्रंथातील कथेनुसार शरणांपैकी अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी या कर्मयोग्याला दगडमाती उपसणारा मजूर म्हणून हिणवले. तेव्हा कामावरचे लोक संतापून त्यांच्यावर दगड घेऊन धावले. त्यानंतर जो संवाद झाला त्याचा रोख असा, की काम कितीही लोकोपयोगी असले तरी करणाऱ्याला स्वतःची ओळख झाली नसेल तर तेही बंधनच. सिद्धरामेश्वर पुढे कल्याणला गेले आणि चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली, असे परंपरा सांगते. येथे लक्षात घेण्यासारखे हे, की अल्लमप्रभूंनी तलाव खोटा ठरवला नाही; त्यांनी विचारले ते खोदणाऱ्याविषयी. थीम पार्कमधल्या हास्याविषयीही पाहुण्याला ते आवडले का, हा प्रश्न गौण ठरतो, आणि हसणाऱ्याचे काय होते हा मुख्य ठरतो.

आधुनिक समाजशास्त्राने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने गाठला आहे. अमेरिकी अभ्यासक आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. वेतनाच्या मोबदल्यात स्वतःच्या भावना ठरावीक साच्यात बसवणे, असा तिचा अर्थ आहे. असे श्रम करणारा माणूस एकतर वरवरचा अभिनय करतो, म्हणजे आत काही नसताना चेहरा हसरा ठेवतो, किंवा खोल अभिनय करतो, म्हणजे आतही ती भावना उत्पन्न करण्याचा यत्न करतो, असा भेद त्यांनी केला. डिस्नेच्या उद्यानांत तर कर्मचाऱ्याला नाटकातला पात्रधारीच म्हटले जाते, लोकांसमोरच्या जागेला रंगमंच आणि मागच्या जागेला पडद्यामागची जागा म्हणतात. फ्लोरिडातील त्यांच्या उद्यानात १९८०च्या दशकाच्या आरंभापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याच रंगमंचावर काही महिने उभे करणारा कार्यक्रम चालत आला आहे. परंतु नाटकाची भाषा वापरायची तर ती पूर्ण वापरली पाहिजे, आणि तिचा सर्वांत सूक्ष्म विचार भरताच्या नाट्यशास्त्रात झाला आहे. तेथे अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: देहाच्या हालचालींचा आंगिक, वाणीचा वाचिक, वेशभूषेचा आहार्य, आणि अश्रू, रोमांच, कंप यांसारख्या मनाच्या एकाग्रतेवाचून न येणाऱ्या आविष्कारांचा सात्त्विक. प्रशिक्षणार्थ्याला गणवेश देता येतो, पाठ केलेले स्वागतवाक्य देता येते, तळहात उघडा ठेवून दिशा कशी दाखवायची हेही शिकवता येते; पण चौथा प्रकार आज्ञेने मिळत नाही, कारण तो मन समाहित झाल्याशिवाय, म्हणजे एका ठिकाणी स्थिरावल्याशिवाय, उमटतच नाही. सकाळी काही तास आणि मग पुन्हा संध्याकाळी काही तास अशी ब्रेक शिफ्ट करणारा, आपली नसलेल्या भाषेत दिवसभर तेच वाक्य उच्चारणारा तरुण मन कोठे स्थिर करणार?

यावर कोणी म्हणेल, की मग करमणूक हा व्यवसायच अशुद्ध मानावा. असा निष्कर्ष निदान सोलापूरच्या धर्मजीवनाला मान्य होणारा नाही. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्याच, गड्डा यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, संमती कट्ट्याजवळ त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक विवाह, होतो, होम मैदानावर होमविधी होतो, आणि त्याच मैदानावर आकाशपाळणे फिरतात, मौत का कुआँमध्ये मोटारसायकली घुमतात, खेळण्यांची आणि खाण्याची दुकाने रात्री उशिरापर्यंत गजबजतात. अक्षता टाकून आलेले कुटुंब पाळण्यात बसते आणि त्यात त्याला काहीही विसंगत वाटत नाही. जत्रा आणि यात्रा या एकाच भूमीवर नांदू शकतात, खेळ हा भक्तीचा शत्रू नव्हे, हे येथील लोकांनी शतकानुशतके कृतीने मान्य केले आहे. त्याच यात्रेत प्रशिक्षणाचाही एक नमुना आहे. उंच आणि जड नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात तोलून धरणे हे एका दिवसात येत नाही. यात्रेच्या कितीतरी आधीपासून तरुण त्याचा सराव करतात, जुनी जाणती माणसे त्यांना तोल शिकवतात, आणि मग मिरवणुकीच्या दिवशी पांढरी बाराबंदी घालून ते तो पेलतात. तेथेही गणवेश आहे, शिस्त आहे, आणि मोबदला मागितला जात नाही. पण नंदीध्वज पेलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे कोणी हास्य मागत नाही, त्याने तोल सांभाळावा एवढेच मागते. थकवा त्याच्या चेहऱ्यावर दिसला तर तो सेवेचा दोष ठरत नाही.

थीम पार्कच्या कामातही असा एक भाग आहे की जेथे कायकाची कसोटी पूर्ण उतरते, आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. वेगवान राइडच्या तोंडाशी उंची मोजण्याची खूण असते. तिच्यापेक्षा बुटक्या मुलाला आत सोडायचे नाही, मग त्याचे वडील कितीही रागावोत, रांगेत तासभर उभे राहिल्याचे कितीही सांगोत. आत बसलेल्यांच्या मांडीवरचा सुरक्षादांडा चालक किंवा त्याचा मदतनीस प्रथम खाली दाबून बसल्याची खात्री करतो, मग वर ओढून तो सुटत नाही ना हे पाहतो, असे एकेक आसन करत शेवटपर्यंत जातो, आणि सर्वांचे झाल्यावरच हात वर करून इशारा देतो. या क्षणी प्रशिक्षणार्थी पाहुण्याला नाराज करत असतो किंवा त्याच्याकडे पाहतही नसतो; त्याचे सारे लक्ष दांड्याच्या खटक्यावर असते. येथे देह, मन आणि कर्तव्य एकाच बिंदूवर येतात. सत्यशुद्ध म्हणावे असे जे काही या कामात आहे ते या नकारात आणि या तपासणीत आहे, आणि हसऱ्या स्वागतापेक्षा त्याचे मोल कितीतरी अधिक आहे. ज्या व्यवस्थेत ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार शिकाऊ माणसालाही असतो, तिथले हास्य आपोआप खरे होण्याची शक्यता असते, कारण ते न हसण्याचीही मुभा असलेल्या माणसाचे हास्य असते.

आता फळाचा प्रश्न उरतो, आणि प्रस्तुत विवेचनात तोच सर्वांत गंभीर आहे. तांदळाचे सांडलेले दाणे वेचण्याचे कायक करणारे आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांची कथा वीरशैव-लिंगायत घरांत आजही सांगितली जाते. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक दाणे घरी आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते जास्तीचे कोठून आले असे विचारून, गरजेबाहेरचे होते तेथे परत टाकून येण्यास सांगितले; आणि कधी मारय्या ज्ञानचर्चेत रमून काम विसरले तर त्यांनीच त्यांना कामाची आठवण दिली. या कथेचा उपयोग बहुधा कष्टकऱ्याला अल्पसंतोष शिकवण्यासाठी केला जातो, आणि तो तिचा सर्वांत अन्यायकारक उपयोग आहे. लक्कम्मांचा प्रश्न गरिबाने कमी मागावे असा नव्हता. हातात आलेले जास्तीचे धान्य कोणाचे, असा होता. तोच प्रश्न प्रशिक्षणार्थ्याच्या श्रमाला लावला तर उलटी बाजू उजेडात येते. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार नोंदणी झालेल्या उमेदवाराला विद्यावेतन, म्हणजे स्टायपेंड, देणे बंधनकारक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांस ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकांस ८,००० आणि पदवीधरांस १०,००० रुपये दरमहा ठरवले गेले, पण ती योजना शिक्षण पुरे केलेल्यांसाठी आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सत्रभर औद्योगिक प्रशिक्षणाला पाठवलेला विद्यार्थी पुष्कळदा या दोन्हींच्या मधल्या पोकळीत असतो. त्याला काय मिळेल हे ते हॉटेल ठरवते. भरगच्च हंगामात तो पूर्ण कामगाराइतके काम करतो, आणि त्याला मिळणारे व त्याच्या श्रमाचे मोल यांतला फरक मात्र दुसऱ्याच्या कोठारात जातो.

या फरकाला ‘अनुभव’ किंवा ‘सेवाभाव’ असे नाव देऊन तो धर्माच्या खात्यात जमा करणे हे कायकविचाराला धरून नाही. दासोह तोच करू शकतो ज्याच्या हाती स्वतःच्या श्रमाचे फळ आलेले आहे. जे हाती आलेच नाही ते अर्पण करता येत नाही, आणि परस्पर काढून घेतलेल्याला अर्पण म्हणता येत नाही. नंदीध्वजाचा मानकरी मोबदला घेत नाही कारण त्या मिरवणुकीचे तिकीट विकून कोणी नफा मिळवत नसतो. तिकीट विकणाऱ्या आवारात विनामोबदला सेवेची अपेक्षा धरणे म्हणजे यात्रेची नीती व्यापाराला उसनी देणे होय. शिकण्याचे मोल आहे हे खरेच, आणि चांगल्या मास्टर शेफच्या हाताखाली किंवा काटेकोर हाउसकीपिंग पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली मिळणारे शिक्षण पैशात मोजता येत नाही. पण त्यासाठी ते शिक्षण प्रत्यक्ष मिळाले पाहिजे, हॉटेलच्या सर्व विभागांतून विद्यार्थ्याची फिरती व्हायला हवी, आणि त्याने रोज भरावयाची लॉगबुक कोणीतरी वाचली पाहिजे. जेथे विद्यार्थी सारे महिने एकाच भोजनगृहात ताटे उचलत राहतो आणि लॉगबुकवर शेवटच्या दिवशी एकगठ्ठा सह्या होतात, तेथे शिक्षण हा मोबदला दिला असे म्हणण्याचा अधिकार त्या आस्थापनेला उरत नाही. आणि लक्कम्मांचा प्रश्न केवळ रिसॉर्टपाशी थांबत नाही; ज्या सत्रात विद्यार्थी वर्गात बसलेलाच नाही त्या सत्राचेही शुल्क जे महाविद्यालय पूर्ण घेते आणि प्रशिक्षणाच्या जागी एकदाही अध्यापक पाठवत नाही, त्याच्या तिजोरीत पडलेले जास्तीचे दाणे कोणाचे, हेही त्याच प्रश्नात विचारले गेलेले आहे.