जामीन आणि ऋणको

गोमंतकात देऊळ आणि इगर्ज ही पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी नांदत आली आहेत. एकमेकांच्या चतुर्थीला आणि नाताळाला जाणे-येणे आहे, लग्नकार्यात व दुःखप्रसंगी परस्परांचा आधार आहे. तथापि शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी आपल्या मनात जे प्रश्न असतात ते आपण त्याला सहसा विचारीत नाही; ते अग्रशाळेत बसून आपसांतच विचारतो आणि आपसांतच त्यांची उत्तरे देऊन मोकळे होतो. पाप एकाने करावे आणि त्यापायी दुसऱ्याने प्राण द्यावे, हा कोणता न्याय? जन्मभर वाटेल तसे वागून शेवटच्या घटकेस 'विश्वास' ठेवला की सुटका होते काय? पाद्रीपुढे गुन्ह्याचा उच्चार करून एक मनुष्य हलक्या मनाने घरी गेला, तर ज्याचे त्याने नुकसान केले त्याने काय करावे? हे प्रश्न कुत्सित नाहीत. धर्म आणि न्याय यांचा संबंध काय, या एकाच मोठ्या प्रश्नाची ही तीन रूपे आहेत.

या भूमीत असे प्रश्न विचारण्याची आणि त्यांना उत्तरे देण्याची परंपराही जुनी आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ श्रोत्यांनी शंका विचाराव्या आणि पाद्रीगुरूने निरसन करावे, अशा आपल्या पुराणांच्याच धाटणीने रचलेला आहे. त्याच्याच कोंकणी प्रश्नोत्तरीचे मुद्रण त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली झाले. परंतु या संवादात एक उणीव होती, आणि ती ग्रंथकाराच्या प्रतिभेची नव्हती. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले, १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. अशा काळात प्रश्न विचारणारा खऱ्या अर्थाने मोकळा नव्हता. आज तो मोकळा आहे. म्हणून आज तेच प्रश्न पुन्हा विचारावे, आणि उत्तर समर्थकांच्या किंवा निंदकांच्या पुस्तिकांतून न घेता त्यांच्याच शास्त्रातून घ्यावे, असे आम्हांस वाटते. न्यायालयात प्रतिपक्षाचा दस्तऐवजदेखील पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागतो. शेजाऱ्याच्या धर्मग्रंथाला निदान तेवढा न्याय मिळावा.

प्रथम 'पाप' या शब्दाकडे वळू. शुभवर्तमानांच्या ग्रीक भाषेत पापासाठी जो शब्द रूढ आहे, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. येशू जी अरमाइक भाषा बोलत असे, तिच्यात तर पाप आणि ऋण यांना एकच शब्द चाले. म्हणूनच येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तिच्यात मत्तयाच्या पाठानुसार ऋणाची माफी मागितली आहे, आणि लूकच्या पाठात पापाची. हा भेद लेखनिकाचा नाही. ज्या मनाने ही प्रार्थना रचली त्याला या दोन गोष्टी एकच वाटत होत्या. आपल्याला हे परके वाटू नये. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, ही आपली फार जुनी धारणा आहे. पाप म्हणजे केवळ नियमभंग नव्हे; ते कोणाचे तरी देणे आहे, आणि ज्याचे देणे आहे तो कोणीतरी आहे.

आता मुख्य शंका. एकाच्या पापासाठी दुसऱ्याने मरणे हे न्यायाला सोडून नाही काय? कायद्याचा कोणताही विद्यार्थी सांगेल की फौजदारी कायद्यात बदली माणूस चालत नाही. आरोपीला जामीन राहणारा मनुष्य त्याच्या हजेरीची हमी देतो. आरोपी पळाला तर जामिनाला रक्कम भरावी लागते, पण आरोपीच्या वाट्याची कैद त्याला भोगावी लागत नाही. आश्चर्याची गोष्ट ही, की हा आक्षेप बायबलातच नोंदलेला आहे. मुलाबद्दल बापाला आणि बापाबद्दल मुलाला मृत्युदंड देऊ नये, ज्याने त्याने आपल्याच पापाचे फळ भोगावे, असा दंडक अनुवादाच्या २४ व्या अध्यायात आहे. आणि यहेज्केल संदेष्ट्याच्या १८ व्या अध्यायात तर हाच विषय एखाद्या निकालपत्राप्रमाणे पिढीवार उदाहरणे घेऊन मांडलेला आहे. मग ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ कसा लावतो?

ख्रिस्ती पंडितांचेही यावर एकमत नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल्मने देवाच्या मानाची भरपाई अशी उपपत्ती मांडली. पुढच्याच पिढीत आबेलारने, ते मरण म्हणजे मनुष्याचे हृदय पालटणारे प्रेमाचे दर्शन होय, असे प्रतिपादन केले. या वादात निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात ख्रिस्ताला एक विशेषण दिले आहे, त्याने आमचे लक्ष वेधून घेतले. ते विशेषण 'जामीन' हे आहे. हे जामीनपण आरोपीचे नव्हे, कराराचे आहे. येथे दृष्टांत फौजदारीचा सुटतो आणि दिवाणीचा सुरू होतो. आणि दिवाणी कायद्याला दुसऱ्याने फेड करणे मुळीच अमान्य नाही.

पण जामीन देणे फेडतो तेव्हा नेमके काय घडते, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. सामान्य समज असा, की जामिनाने पैसे भरले, मूळ ऋणको सुटला, प्रकरण मिटले. कायदा तसे म्हणत नाही. १८७२ च्या करार अधिनियमाच्या १४० व्या कलमान्वये, देणे फेडणाऱ्या जामिनाकडे धनकोचे ऋणकोविरुद्धचे सर्व हक्क येतात. ऋण बुडत नाही. केवळ धनको बदलतो. काल ज्याच्या दारी ऋणको जाण्यास कचरत होता त्याचा हक्क संपला, आणि ज्याने त्याच्यासाठी स्वतःची झोळी रिकामी केली त्याचा हक्क सुरू झाला.

पौलाच्या पत्रांतील विचार याच दिशेने जातो. करिंथकरांना तो बजावतो की तुम्ही आता स्वतःचे राहिला नाहीत, मोल देऊन तुम्हांला विकत घेतले आहे. आणि दुसऱ्या पत्रात सांगतो की तो सर्वांसाठी मेला तो अशासाठी, की जगणाऱ्यांनी यापुढे स्वतःसाठी जगू नये. यात मोकाट सुटण्याची भाषा कोठेही नाही. मग हा नवा धनको वसुली कोठे करतो? मत्तयाच्या २५ व्या अध्यायात याचे उत्तर आहे. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्यासाठी जे केले ते माझ्यासाठी केले, असा येशूचा तेथे निर्वाळा आहे. आमच्या भाषेत बोलावयाचे तर त्याने आपले येणे या लोकांच्या नावे करून दिले आहे. ज्याला तारण हवे त्याने या दारांवर जाऊन फेड करावी.

याच्या उलट वागणाऱ्याचे काय होते, ते मत्तयाच्या १८ व्या अध्यायातील दाखल्यात आहे. एका चाकराचे राजाला दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि दिनार ही एका मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे. राजाने ते सोडून दिले. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. राजाने त्याला परत बोलावून पहिली माफी रद्द केली. तात्पर्य, या शास्त्राप्रमाणे क्षमा ही एकदाच मिळून तिजोरीत ठेवण्याची पावती नाही. ती पुढे चालती ठेवली तरच टिकते.

दुसरा प्रश्न अखेरच्या घटकेचा. ख्रिस्ताच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराची कथा लूकच्या २३ व्या अध्यायात आहे, आणि तिच्यावरूनच हा आक्षेप घेतला जातो. ती कथा नीट वाचावी. तो चोर आपली शिक्षा योग्य असल्याचे स्वतःच्या तोंडाने मान्य करतो. खाली उतरवण्याची विनंती तो करीत नाही, केवळ आठवण ठेवण्याची करतो. त्याला नंदनवनाचे आश्वासन मिळाले, पण त्याची शिक्षा टळली नाही. योहानाच्या शुभवर्तमानानुसार पुढे शिपायांनी त्याचे पाय मोडले. देवाची क्षमा आणि राज्याचा दंड ही दोन निराळी खाती आहेत. आपल्या भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. मरणसमयी त्याने मुलाला हाक मारली आणि नारायणाचे नाव उच्चारले गेले. विष्णुदूत आणि यमदूत यांचा मग रीतसर वाद झाला. कीर्तनात येथवरची कथा रंगते. परंतु अजामिळ त्यानंतर जगला, पश्चात्ताप पावून गंगाद्वारी गेला आणि तेथे साधनेत त्याने उरलेले आयुष्य वेचले, हा उत्तरार्ध अनेकदा सांगावयाचा राहून जातो. शेजाऱ्याला जो प्रश्न विचारावयाचा तो आपल्याही घरात उभा आहे, आणि दोन्ही घरांतले उत्तर फारसे भिन्न नाही.

श्रद्धा की कर्म, हा वाद ख्रिस्ती जगात १५१७ नंतर फार पेटला. पौल म्हणतो की मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो; याकोब म्हणतो की कृतीवाचून विश्वास हा प्रेतवत आहे. या वादाने युरोपचे दोन तुकडे झाले. १९९९ च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस जर्मनीत आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लूथरपंथीय यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण हे कृपेचे दान आहे, आणि सत्कर्मे त्याची किंमत नसून त्याचे फळ आहे, हा त्याचा आशय होय. फळ न येणाऱ्या झाडाविषयी काय समजावे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. ज्याचे नुकसान झाले त्याचे काय? येथे शास्त्र इतके स्पष्ट आहे, की त्याकडे दुर्लक्ष होते याचेच नवल वाटते. लेवीयच्या ६ व्या अध्यायाप्रमाणे, फसवून घेतलेली वस्तू मालकाला परत करावी, वर पाचवा हिस्सा द्यावा, आणि मग अर्पण घेऊन याजकाकडे यावे. मालक हयात नसेल आणि त्याचा आप्तही नसेल तर ती भरपाई देवाला द्यावी, पण स्वतःकडे ठेवू नये, असे गणनाच्या ५ व्या अध्यायात आहे. यरीहो गावचा मुख्य जकातदार जक्कय याने येशूच्या सहवासात अर्धी संपत्ती गोरगरिबांना देण्याचे आणि नाडून घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. पाचवा हिस्सा पुरेसा असता. चौपट हा मेंढरे चोरणाऱ्यासाठी नेमलेला दंड होता. म्हणजे जक्कयाने स्वतःलाच चोराच्या कलमाखाली दोषी ठरविले. तारण त्याच्या घरी आल्याचे येशू सांगतो ते यानंतर. आणि डोंगरावरील प्रवचनात तर आज्ञाच आहे: वेदीपाशी अर्पण आणताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा.

या आज्ञेच्या कसोटीवर सोळाव्या शतकातील गोव्याचा इतिहास घासून पाहिला, तर निकाल काय लागतो हे निराळे सांगावयास नको. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली; ज्यांच्यामुळे हे स्थलांतर घडले त्यांनी वेदीवर अर्पण वाहिले, पण शेजाऱ्याचे आपल्याविरुद्ध काय आहे ते विचारले नाही. रोममध्ये २००० सालच्या मार्चच्या १२ तारखेस पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली शुभवर्तमानाशी विसंगत मार्ग अवलंबिल्याबद्दल चर्चच्या लोकांसाठी जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. ती याच शास्त्राला धरून होती.

पण तेच शास्त्र आपलाही हात धरते. यहेज्केलाचा निकाल असा, की बापाचा दोष मुलावर नाही. आपल्या धर्मशास्त्राने बापाचे कर्ज फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले. परंतु द्यूत, मद्य आणि दंड यांपायी झालेले अव्यावहारिक ऋण त्यातूनही वगळले. मग आज पलीकडच्या वाड्यावर राहणाऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या नावे चारशे वर्षांपूर्वीची बाकी मांडणारा हिंदू कोणत्या शास्त्राचा आधार घेतो? त्या शेजाऱ्याचे पूर्वज बहुधा आपल्याच पूर्वजांचे भाऊबंद होते, हे विसरून कसे चालेल?

असो. शेजाऱ्याचे शास्त्र वाचून आपला धर्म सोडावा लागत नाही; उलट आपलीच काही जुनी देणी डोळ्यांपुढे येतात. कोर्टात खोटी साक्ष देऊन देवळात अभिषेक करणारा, मुंडकाराची वाट अडवून देवाला गाऱ्हाणे घालणारा भाटकार, भावाचा हिस्सा दडपून जत्रेला पालखी खांद्यावर घेणारा महाजन, हे आपल्यातही आहेत. देव त्यांना क्षमा करील किंवा न करील, तो त्याचा अधिकार. पण साक्षीत बुडालेल्या माणसाचे घर, मुंडकाराची वाट आणि भावाचा हिस्सा ही देवाच्या खात्यातील देणी नव्हेत. ती शेजारच्या दारी नेऊन द्यावयाची आहेत, आणि त्या दारापर्यंतची वाट आपल्याला माहीत आहे.